कचरागाडीतला आवाज

पहिलं काम बांधीच्या धुऱ्यावर, मचाणीवर बसून.
लोंबी भरली की पोपट यायचे वऱ्हाडासारखे,
मानपान ठरवूनच.
मी हा-हू करत नसे,
शिकऱ्याचा आवाज काढायचे.
मजुरी नव्हती. शेत आमचंच होतं, दीड एकर.

मग वडशाच्या नाटक कंपनीत
पडद्यामागचं तान्हं बाळ झाले.
तिसऱ्या अंकात नायिका पाळण्याकडे धावायची
आणि मी विंगेत, तोंडावर शाल दाबून, रडायचे.
एका गावात पुढच्या रांगेतल्या बाईनं
दुधाची बाटली धाडली मंचावर.
अकरा रुपये, आणि रात्री दोनला वांग्याचं भरीत.

जीपवरच्या भोंग्यात शंकरपट सांगितला,
डोळ्यांचं शिबिर सांगितलं,
हरवलेला खोंडही सांगितला:
तपकिरी, उजवं शिंग मोडकं, सांगणाऱ्यास बक्षीस.
खोंड सापडला.

मुंबईत, भिंतींना गाद्या लावलेल्या खोलीत,
बेचाळीसाव्या वर्षी मी आठ वर्षांचा राजपुत्र झाले,
पुढचा दात पडलेला.
'स' मधून वारा जावा म्हणून
जिभेखाली बडीशेप धरायची.
मग खार. मग कळपातली तिसरी बकरी.
एकदा ढग; ढगाला दोन वाक्यं होती.
सर्दी झाली त्या आठवड्यात बेडूक केला,
वाया काही जात नाही.
पडण्याचे मला नऊ आवाज येतात,
कड्यावरून, झाडावरून, विमानातून.
आपटण्याचा वेगळा. पैसे तेवढेच.

घारपुरे म्हणून होते काचेपलीकडे, सभ्य माणूस.
"वच्छलाबाई, 'मले' नको, 'मला'.
राजपुत्र आहे तो."
वर्षभरात 'मले' गेलं,
'काहून' गेलं,
फोनवर मी आईशी बोलायचे
तर ती म्हणायची, कोण मॅडम बोलते?

मग एक गाढव आलं.
घारपुरे म्हणाले, "याला तुमच्याकडचं बोलू द्या. मजा येईल."
"मले नाही उचलत वो एवढं ओझं, माय,"
गाढव म्हणालं,
आणि काचेपलीकडे सगळे हसले.
मी हसले नाही.
माइक चालू होता.

इकडे लाखांदुरात आईनं टीव्ही पाहिला.
राजपुत्र बोलला, खार बोलली, ढग गडगडला,
आई तांदूळ निवडत राहिली.
गाढव आलं तशी सूप बाजूला ठेवून सरसावली.
"हे एकलंच नीट बोलते," म्हणाली,
"बाकीचे कुठले होत?"

गाढवाचे पुढचे भाग आले नाहीत.

घशात गाठ निघाली, साधीच,
पण काढताना पोरांचे सगळे आवाज तिच्यासोबत गेले.
उरला तो हा, सुपात खडे पाखडल्यासारखा.
त्याच्या आधी कधीतरी, सुट्टीत आले असताना,
नगरपंचायतीनं एक रेकॉर्डिंग करून घेतलं होतं
शाल-श्रीफळावर:
"ओला कचरा हिरव्यात टाका जी,
सुका निळ्यात टाका वो बाई."
कागदावर 'कृपया' होतं. मी ते वाचलंच नाही.

रोज साडेसातला गल्लीच्या तोंडाशी मी येते,
तेल लावलेली, सात वर्षांनी लहान.
आणि खाटेवर मी,
हळदीचं पाणी फुंकत.

आईला आता माझं बोलणं ऐकू येत नाही.
आलं तरी कोणा बाईमाणसाचं वाटत नाही.
भोंगा मात्र बरोबर कळतो.
गाडी वळली की ती उठते,
रिकामी बादली घेऊन दारात जाते,
"थांब वो वच्छले, आली."
होमराज गाडी थांबवतो.
बादली घेतो, उलटी करतो, दोनदा झटकतो,
परत देतो.
आई भोंग्याला विचारते, "जेवली काय?"
भोंगा म्हणतो, सुका निळ्यात.
"बरं," म्हणते आई.

आत येते. माझ्या खाटेशी थांबते,
कपातलं पाणी संपलं का बघते.
"वच्छला आली होती," मला सांगते.
"घाईत होती."